एका पट्टीखाली दोन आवाज

ज्या वाद्याला आज सर्रास 'कीबोर्ड' म्हणतात, ते आता महाराष्ट्रात भजनी मंडळापासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापासून गणपतीपुढच्या बेंजो पार्टीपर्यंत सगळीकडे पोचले आहे. या वाद्यात एक मोठी सोय असते. एक पट्टी दाबली असता दोन किंवा तीन निरनिराळे आवाज एकाच वेळी उमटतात. पेटीच्या पाठीमागे व्हायोलिनांचा समूह, पियानोच्या जोडीला बासरी, असे हवे ते जोड लावता येतात. या सोयीला कोणी 'लेयर' म्हणतात, कोणी 'ड्युअल' म्हणतात. आम्ही येथे तिला 'थर' म्हणू.

सोय जितकी मोठी, तितकी तिच्याविषयीची तक्रारही मोठी आहे. वादक म्हणतो, पेटी ऐकूच येत नाही, नुसता व्हायोलिनांचा गलका होतो. गाणारा म्हणतो, माझे शब्द बुडतात. श्रोता काही म्हणत नाही, तो उठून जातो. यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो. वाद्याचे मोठे बटण फिरवून सगळाच आवाज वाढवायचा. त्याने दुखणे जाते तर नाहीच, उलट बळावते. म्हणून थरांचे आवाज एकमेकांशी कसे जुळवावेत आणि ते कोठे आवरावेत, हा विषय आम्ही येथे घेतला आहे. आम्ही संगीताचे पंडित नाही. वादकांच्या मजुरीचे प्रश्न घेऊन बसताना हे यंत्र समजून घेणे आम्हांस भाग पडले. जे समजले ते साध्या भाषेत मांडतो.

आरंभ आपल्या ओळखीच्या पेटीपासून करू. दुहेरी सुरांच्या पेटीत एका पट्टीखाली पितळी पात्यांचे दोन संच असतात. तिहेरी पेटीत खर्ज, नर आणि मादी असे तीन असतात. पुढची खुंटी ओढली की तो संच बोलू लागतो, आत ढकलली की मुका होतो. म्हणजे थर ही कल्पना काही विजेने आणलेली नाही. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्येही हेच तत्त्व शतकानुशतके चालत आले आहे. परंतु पेटीत एक मर्यादा आहे. सर्व संचांना वारा एकाच भात्यातून मिळतो. भाता जोराने मारला तर खर्जही वाढतो आणि नरही वाढतो. एकाला चढवून दुसऱ्याला उतरवणे सहसा साधत नाही. कीबोर्डात नेमके हेच साधते. तेथे प्रत्येक थराला जणू आपला स्वतंत्र भाता असतो. पण पुष्कळ वादक ते वाद्यही पेटीसारखेच वापरतात. सगळ्यांचा मिळून एकच भाता आहे असे धरून चालतात, आणि तेथेच घोटाळा होतो.

आता वाद्याच्या आत काय घडते ते पाहू. पट्टीखाली बहुधा एकामागून एक मिटणारे दोन संपर्क असतात. पहिला मिटल्यापासून दुसरा मिटेपर्यंत किती वेळ गेला, हे यंत्र मोजते. वेळ थोडा तर आघात जोराचा, वेळ जास्त तर आघात हलका. या मोजणीतून १ पासून १२७ पर्यंतचा एक आकडा निघतो. मग यंत्रातला संगणक आपल्या स्मरणातून त्या स्वराचा साठवलेला ध्वनी काढतो. दोन थर लावले असतील तर दोन ध्वनी काढतो. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या थरासाठी ठरलेल्या आवाजाच्या आकड्याने लहानमोठे करतो, मग दोहोंची बेरीज करतो, आणि ती बेरीज विजेच्या लहरीत बदलून कर्ण्याकडे पाठवतो.

या सगळ्या वाटेवर आवाज लहानमोठा करण्याच्या जागा पाच आहेत. पहिली जागा बोटांचा आघात. दुसरी, प्रत्येक थराचा स्वतंत्र आकडा. तिसरी, पायाखालचे पेडल, ज्याला 'एक्स्प्रेशन पेडल' म्हणतात. चौथी, वाद्याचे मुख्य बटण. पाचवी, बाहेरचा मिक्सर आणि अँप्लिफायर. यांपैकी चौथी आणि पाचवी जागा बेरजेनंतर येते. दूध आणि पाणी एकदा मिसळल्यावर भांडे मोठे घेतले काय अन् लहान घेतले काय, प्रमाण तेच राहते. प्रमाण बदलायचे असेल तर मिसळण्यापूर्वीच हात घातला पाहिजे. म्हणजे थरांचा तोल साधण्याची खरी जागा दुसरी होय. ही एक गोष्ट पक्की ध्यानात राहिली तरी निम्मे काम झाले.

ही दुसरी जागा निरनिराळ्या वाद्यांत निरनिराळ्या ठिकाणी दडलेली असते. महागड्या वाद्यांत प्रत्येक थरासाठी सरकते स्लायडर समोरच असतात. मध्यम किमतीच्या वाद्यांत 'बॅलन्स' या नावाचे एक पान पडद्यावर उघडते. स्वस्त वाद्यांत 'फंक्शन' हे बटण पुनःपुन्हा दाबून मुख्य आवाजाचा आकडा आणि जोड आवाजाचा आकडा असे दोन वेगळे आकडे शोधावे लागतात. वाद्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकात ते दिलेले असते. ते पुस्तक बहुधा इंग्रजीत असते आणि खोक्यातच राहते. आमचा आग्रह असा की, इंग्रजी येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला बसवून तेवढे एक पान वाचून घ्यावे.

हा आकडा बहुतेक वाद्यांत ० ते १२७ असा असतो. १२७ हा विचित्र आकडा कोठून आला, असे कोणीही विचारील. त्याचे कारण 'मिडी' नावाच्या करारात आहे. एका कारखान्याच्या वाद्याने दुसऱ्या कारखान्याच्या वाद्याशी तारेने बोलावे यासाठी अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने हा करार घडला. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये तारेने जोडून, एकावर वाजवले की दुसरे वाजते, हे लोकांना दाखवण्यात आले. या करारात आकडा सांगण्यासाठी सात बिटे ठेवली आहेत, आणि सात बिटांत ० धरून १२८ पायऱ्या मावतात. एका तारेवर १६ वाहिन्या असतात, आणि प्रत्येक वाहिनीला आपला आवाज असतो. त्या आवाजाला ७ हा क्रमांक दिला आहे आणि पेडलच्या आवाजाला ११ हा. दोन कीबोर्ड तारेने जोडून थर लावणाऱ्यांनी हे दोन क्रमांक पाठ करावेत.

आता आकड्यांचा अर्थ पाहू. येथे पुष्कळांची फसगत होते. १०० वरून ८० वर आलो, म्हणजे २० उतरलो. ४० वरून २० वर आलो, तरीही २० च उतरलो. पण कानाला हे दोन्ही सारखे लागत नाही. कान फरक मोजत नाही, पट मोजतो. मिडीच्या सर्वसाधारण प्रघाताप्रमाणे हिशेब केला, तर १०० वरून ८० वर येण्याने आवाज सुमारे ४ डेसिबेल उतरतो, आणि ४० वरून २० वर येण्याने १२ डेसिबेल उतरतो. सुमारे १० डेसिबेल उतरले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोहोंतले अंतर कळेल. साधारण १ डेसिबेलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. १०० च्या आसपास तेवढा फरक करण्यासाठी आकडा सहाने हलवावा लागतो. २० च्या आसपास एक-दीड पायरी पुरते. म्हणून वरच्या भागात मोकळ्या हाताने आकडा फिरवावा, आणि खालच्या भागात एकेक पायरी चढावी. सगळीच वाद्ये हा प्रघात तंतोतंत पाळतात असे नाही, पण पट मोजण्याचा नियम सर्वत्र लागू आहे.

यावरून दुसरी एक गोष्ट निघते. दोन्ही थरांचे आकडे सारखे ठेवले म्हणजे दोन्ही आवाज सारखे झाले, असे मुळीच नाही. कारखान्यात ध्वनी साठवतानाच कोणता उंच तर कोणता मवाळ साठवलेला असतो. शिवाय ट्रंपेटसारखा तीक्ष्ण आवाज थोडक्यातही पुढे येतो, आणि बासरीसारखा गोल आवाज बऱ्याच आकड्यावरही मागे राहतो. आकडा हा नोंदीसाठी आहे. निवाडा कानानेच करायचा.

तोल साधण्याची रीत आता सांगतो. प्रथम मुख्य आवाज कोणता ते ठरवावे. दोन्ही मुख्य, असे चालत नाही. मुख्य आवाज १०० वर ठेवावा. आरंभाचा आकडा १०० धरण्याचा प्रघातच आहे, आणि त्यामुळे वर थोडी जागा शिल्लक राहते. जोड आवाज प्रथम ० वर न्यावा. मग गाण्यातला खरा तुकडा वाजवीत तो हळूहळू वाढवावा. जेथे तो प्रथम स्पष्ट जाणवेल तेथे थांबावे आणि थोडे मागे यावे. आता परीक्षा अशी करावी. जोड आवाज एकदम बंद करावा. काही तरी कमी झाले असे वाटले, पण काय कमी झाले ते चटकन सांगता आले नाही, तर तोल बरोबर आहे असे समजावे. बंद करताच दुसरेच वाद्य वाजू लागल्यासारखे वाटले, तर जोड आवाज फार होता.

मुख्य आवाज ऐकू येत नसेल तर तो वाढवण्याआधी जोड आवाज उतरवून पाहावा. याचे कारण बेरजेत आहे. यंत्राला मोजण्याची कमाल मर्यादा असते. १६ बिटांच्या मोजणीत लहरीचे शिखर ३२,७६७ च्या वर जाऊ शकत नाही. एका थराचे शिखर २०,००० आणि दुसऱ्याचेही २०,००० असले, आणि ती दोन्ही एकाच क्षणी आली, तर बेरीज ४०,००० होते. बाहेर पडताना वरचा भाग कापला जातो आणि लहरीचा माथा सपाट होतो. त्यालाच आपण 'आवाज फाटला' असे म्हणतो. हे फाटणे कर्ण्यात झालेले नसते, म्हणून कर्णा कितीही भारी आणला तरी ते जात नाही. उतरवून तोल साधणारा वादक या संकटातून आपोआप वाचतो.

पण एवढ्याने भागत नाही, कारण आवाज हा काळाबरोबर बदलणारा पदार्थ आहे. पियानोचा स्वर आघाताबरोबर मोठा उमटतो आणि लगेच विरू लागतो. व्हायोलिनांचा समूह हळू उगवतो आणि पट्टी दाबून ठेवली आहे तोवर तसाच उभा राहतो. परिणामी पहिल्या क्षणी पियानो राजा असतो आणि दोन सेकंदांनी व्हायोलिने राज्य करतात. ज्याने भरभर बोटे चालवून तोल लावला, त्याला संथ गाण्यात हमखास धोका होतो. म्हणून तोल नेहमी गाण्यातल्या सर्वांत लांब धरलेल्या स्वरावर तपासावा.

तसेच आघाताचे. पियानोचा आवाज आघाताप्रमाणे पुष्कळ लहानमोठा होतो. पुष्कळ वाद्यांतील व्हायोलिनसमूह मात्र आघाताला तितकी दाद देत नाही. मग हळू वाजवले की पियानो दबतो आणि व्हायोलिने जागच्या जागी राहतात. गाणे हळुवार झाले की मागचा गलका वाढतो, ही तक्रार येथून उत्पन्न होते. तेव्हा एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा जोराने, असे तीनदा वाजवून पाहावे आणि हळू वाजवताना जो तोल बरोबर वाटेल तो कायम करावा. वाद्यात त्या थराची आघाताची संवेदना वेगळी लावता येत असेल, तर उत्तमच.

पेडलचा उपयोगही समजून घेतला पाहिजे. थराचा आकडा ही मर्यादा आहे, आणि पेडल त्या मर्यादेच्या आत काम करते. दोहोंचा गुणाकार होतो. पेडल अर्ध्यावर आणले तर दोन्ही थर एकाच पटीने उतरतात आणि तोल ढळत नाही. पेटीच्या भात्याचे काम ते हेच. पण पुष्कळ वाद्यांत पेडल एकाच थराला लावण्याची सोय असते. ती वापरून मुख्य पेटी बोटांवर आणि मागची व्हायोलिने पायावर ठेवली, तर ध्रुपद आले की पाय दाबावा, कडवे आले की सोडावा. आमच्या मते थर वापरण्याची याहून चांगली रीत नाही.

आवाजाची उंची हाही तोलाचाच भाग आहे. खालचा सूर वरच्या सुराला जितका झाकतो, तितका वरचा खालच्याला झाकत नाही, हा कानाचा धर्म आहे. जोड आवाज मुख्याच्या खालच्या सप्तकात ठेवला तर तो थोड्या आकड्यावरही मुख्याला गिळतो. तोच वरच्या सप्तकात नेला की दोघांनाही जागा मिळते. आणि गाणाऱ्याचा विचार तर सर्वांआधी करावा. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि व्यंजनांना ओळख देणारा पुष्कळसा भाग २,००० ते ४,००० कंपनांच्या टापूत असतो. कानही तेथेच सर्वांत तिखट असतो. चकचकीत, झणझणीत जोड आवाज नेमक्या याच टापूत घुसतो. पोवाड्यात किंवा भजनात शब्द बुडाला तर उरले काय? गायन चालू असता असा थर शून्यावर आणावा आणि मधल्या वाद्यसंगीतातच वर काढावा.

घरी साधलेला तोल मैदानावर टिकत नाही, याचेही कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज लहान असता कानाला खालचे सूर प्रमाणापेक्षा क्षीण वाटतात. आवाज मोठा झाला की ते भरून येतात. घरी लहान आवाजात बसून खर्जाचा थर पुरेसा वाटेपर्यंत वाढवला, तर मैदानावर तोच थर छातीवर बसतो. म्हणून अखेरचा तोल जागेवर, मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून लावावा. एकाने वाजवावे, दुसऱ्याने समोर जाऊन ऐकावे. एकूण आवाज किती ठेवावा यालाही कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे, आणि सरकारने सूट दिलेले दिवस सोडता रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे. तोल नीट असला म्हणजे थोड्या आवाजातही सर्व काही ऐकू येते. आवाज वाढवण्याची गरज बहुधा तोल बिघडल्यामुळेच पडते.

शेवटी, साधलेला तोल साठवून ठेवावा. 'रजिस्ट्रेशन' किंवा 'मेमरी' या नावाची बटणे त्यासाठीच असतात. प्रत्येक गाण्याचा तोल वेगळा साठवावा आणि आकडे वहीतही लिहावेत. साठवले नाही तर पुष्कळ वाद्यांत वीज गेली की सारे आकडे मूळपदावर येतात, आणि आपल्याकडे वीज जाणे हे काही नवल नव्हे.

येथपर्यंत यंत्राचा विचार झाला. आता माणसाचा. व्हायोलिनांचा थर लागला म्हणजे कोणा तरी व्हायोलिनवाल्याची खुर्ची रिकामी होते, हे सत्य झाकून चालणार नाही. हा प्रश्न जुना आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात पुंगीचा आवाज कल्याणजी वीरजी शहा यांनी 'क्लाव्हियोलिन' या विजेच्या वाद्यावर काढला, आणि तो देशभर गाजला. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनच्या वादक संघाच्या मध्य लंडन शाखेने, पारंपरिक वाद्यांची नक्कल करणाऱ्या विजेच्या वाद्यांवर बंदी घालावी असा ठराव केला. ते संघाचे देशव्यापी धोरण झाले नाही आणि वाद्ये काही थांबली नाहीत. याउलट, १९४२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन वादक संघाने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रण बंद पाडले, तेव्हा त्यांची मागणी निराळी होती. तबकड्या काढा, पण त्यांच्या मिळकतीतला वाटा वादकांच्या निधीत द्या, असे ते म्हणत होते. १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते मान्य केले. यंत्र बंद करा, ही मागणी टिकली नाही. यंत्राने वाचवलेल्या पैशातला वाटा द्या, ही मागणी पदरात पडली. यातून घ्यायचा धडा उघड आहे.

म्हणून आमचे म्हणणे तीन कलमांत मांडतो. पहिले, जो वादक तीन थर लावून तीन माणसांचे काम करतो, त्याला एका माणसाची मजुरी देऊन बोळवण करू नये. सुपारी ठरतानाच हे बोलून घ्यावे. दुसरे, जागेवर तोल लावण्याचा तास हा कामाचाच तास आहे. तो मजुरीत धरला पाहिजे, आणि कार्यक्रमापूर्वी तो मिळालाही पाहिजे. पाहुणे बसल्यावर धावतपळत बटणे फिरवण्याला तोल लावणे म्हणत नाहीत. तिसरे कलम वादकांसाठी आहे. मंचावर खरा व्हायोलिनवाला किंवा बासरीवाला बसला असेल, तर कीबोर्डवाल्याने त्या वाद्याचा थर शून्यावर न्यावा. यंत्र त्याला झाकू शकते, पण त्याची जागा भरून काढू शकत नाही. त्याची मींड, त्याचा श्वास, गाणाऱ्याकडे पाहून त्याने घेतलेला विसावा, हे कोणत्याही आकड्यात बसत नाही.

तो शून्य लावण्याचे बटण वादकाच्याच हाताखाली आहे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.